भिंत वाजवून बघणारे साहेब

सोलापुरातल्या नवी पेठेतल्या छोट्या सहकारी बँकेतले कर्जाचे साहेब कागदांआधी माझं घर बघायला आले. बोटं मुडपून त्यांनी भिंत वाजवली, मग पाणी मागून प्यायले.

“आमी कर्ज दुसऱ्याला विकत न्हाय. फिटंपर्यंत हितंच ऱ्हातंय की.”

मला ते जुनाट वाटलं. अर्धा टक्का व्याज वाचवायला मी मोठ्या कंपनीकडे गेलो. साहेबांनी माझे कागद क्रमानं लावून परत दिले. “तितं लागतील.”

वर्षभरात कंपनीनं माझं कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं. यंदा माझे यंत्रमाग बंद पडले, म्हणून हप्त्याला मुदत मागायला फोन केला. पलीकडून विचारलं, “सोलापूर कुठल्या राज्यात येतं, सर?”

साहेब अजून त्याच खुर्चीवर असतात. मी नवी पेठेतून जाणंच सोडलंय.