खांबासमोरचा डबा

शिंपीणबाईंचं बॅगवाल्याकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं, ते त्यानं सावली सोडून उन्हात बसकण मारली त्या दिवशी. तोवर तो त्यांच्या दुकानाशेजारच्या जिन्याखाली बसायचा आणि जिन्यासारखाच नजरेला सवयीचा झाला होता. बॅगांच्या चेन बदलायच्या, तुटलेले पट्टे शिवायचे, हँडल बसवायचं. पुढ्यात दाभण, पक्कड आणि मेण लावलेला दोरा. बोलणं बेताचं. जॅकेटची चेन अडली की शिंपीणबाई ते त्याच्याकडे सरकवायच्या, तेवढाच संबंध.

त्याच आठवड्यात चौकात, रस्त्याच्या पलीकडे, कॅमेऱ्याचा खांब उभा राहिला होता. मान वळवणारा कॅमेरा. सगळा चौक त्या दिवसापासून अंग चोरून वागायला लागला. बाकावर बसणारी जोडपी झाडामागे गेली. हवालदारानं जांभई द्यायची झाली तर भिंतीकडे तोंड करायला सुरुवात केली. फळवाल्यानं काटा आडोशाला नेला, आणि कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं की उन्हानं काटा तापतो. कॅमेऱ्याचं नाव ‘सासूबाई’ त्यानंच ठेवलं. दोन दिवसांत ते साऱ्या चौकाच्या तोंडी बसलं. कुणी मोठ्यानं हसलं तरी दुसरा म्हणायचा, हळू, सासूबाई जाग्या आहेत. बायका मात्र म्हणायच्या, असू दे बाई, संध्याकाळी यायला भीती वाटत नाही.

एवढ्या सगळ्यांत बॅगवाला तेवढा उलट निघाला. त्यानं आपलं स्टूल आणि पेटी उचलली, जिन्याखालून फुटपाथच्या कडेला आणली, आणि खांबाच्या बरोबर समोर मांडली. दुपारी डबा खाऊन झाला की तो रिकामा डबा दोन्ही हातांनी वर धरायचा, आतली बाजू खांबाकडे करून. थोडा वेळ तसाच. मग झाकण लावून पुन्हा कामाला.

फळवाला म्हणाला, म्हाताऱ्याला ऊन लागलंय. शिंपीणबाईंना तसं वाटलं नाही. माणूस वेड्यासारखं करत असला, तरी दाढी रोज घोटलेली होती आणि सदरा इस्त्रीचा.

कारण कळायला बरेच दिवस लागले. एका कोटाच्या चेनच्या निमित्तानं शिंपीणबाई त्याच्यापाशी टेकल्या आणि त्यांनी सरळ विचारलं. दाभण न थांबवता त्यानं सांगितलं. त्याचा एकुलता मुलगा, जिथून हे सगळे कॅमेरे बघतात त्या कचेरीत कामाला होता. या चौकाचा पडदा त्याच्याच वाट्याला आलाय, असं कचेरीतल्या एका ओळखीच्या शिपायाकडून त्याला कळलं होतं. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि बापाशी बोलत नव्हता.

याच नोकरीच्या प्रशिक्षणाला तो परगावी गेला होता, तेव्हा त्याची आई आजारी पडली. फोनवर विचारायचा, आई कशी आहे. बाप सांगायचा, बरी आहे, झोपलीये. आईनंच शपथ घातली होती, पोराचं नुकसान नको. मुलगा परतला तेव्हा घरात ती नव्हती. शंभर प्रश्न विचारले असते तर बापानं उत्तरं दिली असती, पण मुलानं एकच वाक्य म्हटलं, तुम्ही मला आईला बघू दिलं नाहीत, आणि आपली बॅग भरली. त्या बॅगेचा पट्टाही बापानंच शिवलेला.

“म्हणून इथं बसतो, ताई,” बॅगवाला म्हणाला. “आता काही लपवायचं नाही. रोज बघू दे त्याला.”

आणि डबा? तो ओशाळून हसला. मुलगा शाळेतून आला की आई आधी म्हणायची, डबा दाखव. रिकामा दिसल्याशिवाय खेळायला सोडायची नाही. आता दाखवायची पाळी बापाची होती, इतकंच.

त्यानंतर शिंपीणबाई त्याच्या डब्यावर लक्ष ठेवायला लागल्या. म्हणजे सासूबाईंच्या जोडीला आणखी एक, असं फळवाला म्हणालाच. थंडी पडली तशी बॅगवाल्याची छाती भरली. खोकला सुरू झाला की दाभण हातातून सुटायचं. घरी पडून राहा म्हटलं तर ऐकेना. म्हणायचा, एक दिवस दिसलो नाही तर त्याला वाटेल, पुन्हा लपवतायत. घास उतरत नव्हता. मग तो डबा खांबाकडे पाठ करून फुटपाथच्या टोकाला न्यायचा, तिथल्या कुत्र्यापुढे ओतायचा, आणि जागेवर येऊन रिकामा डबा नेहमीसारखा वर धरायचा. शिंपीणबाई हे काचेतून बघायच्या. एकदा बोलल्या, तर म्हणाला, चार दिवसांचा खोकला, कशाला उगाच पोराच्या जिवाला घोर.

शिंपीणबाईंकडे त्या कचेरीतल्या गणवेशांचं काम यायचं. एरवी शिपाईच गठ्ठा न्यायचा. या खेपेला त्या स्वतः घेऊन गेल्या आणि त्याच शिपायाला सांगून त्यांनी मुलाला बाहेर बोलावून घेतलं. ओळख पटायला वेळ लागला नाही. बापाच्या भुवया होत्या, आणि उभं राहायची पद्धतही तीच, कुणी रागावेल अशी.

त्यांनी सरळ सांगितलं. तुझे वडील आजारी आहेत, फार दिवस झाले, एकदा येऊन जा.

“ठाऊक आहे, मावशी,” तो म्हणाला. “रोज बघतो.”

मग तो जे बोलला ते त्यांनी पुढे कित्येक दिवस मनात घोळवलं. तो पडदा बदलून द्या म्हणून त्यानं साहेबांकडे अर्ज केला होता. साहेब म्हणाले, नेमून दिलं ते बघायचं. बापाला वाटत होतं की फोटो काढतात तसं असतं, आपण वर बघितलं की तेवढंच पलीकडे दिसतं. पण पडदा दिवसभर चालू असायचा. खोकताना वाकलेला बाप दिसायचा. कुत्र्यासमोर उपडा केलेला डबा दिसायचा. आणि त्यानंतर तोच डबा वर धरून हसणारा चेहरा.

“तेव्हाही असंच केलं होतं त्यांनी,” मुलगा म्हणाला. “सगळं ठीक आहे म्हणून. तेव्हा निदान मला दिसत नव्हतं.”

येतो म्हणाला नाही, येणार नाही असंही म्हणाला नाही. आतून कुणी हाक मारली, तो गेला.

परत येताना वाटेत शिंपीणबाईंनी दहा वेळा ठरवलं आणि मोडलं. सांगावं तर म्हातारा खचेल. न सांगावं, तर ज्यानं या घराचं वाटोळं झालं होतं तेच आपण करणार. शेवटी त्यांनी त्याला चहा दिला आणि सगळं सांगितलं, कुत्र्यासकट.

बॅगवाल्यानं चहा संपवला. हातातल्या बॅगेची चेन दोनदा लावून उघडून बघितली. मग एवढंच म्हणाला, “म्हणजे पोरगं तिथं बसून हे रोज बघत होतं.” आणि कप परत देताना, “त्याला तर उठूनही जाता येत नसेल.”

दुसऱ्या दिवशी त्याचं स्टूल परत जिन्याखाली होतं, रस्त्याकडे पाठ करून. फळवाल्यानं, सासूबाईंशी बिनसलं का, असं विचारायला तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा बघून मिटलं. शिंपीणबाई त्याला ओढून दवाखान्यात घेऊन गेल्या. औषध लागू पडलं, खोकला उतरला. पण माणूस आत वळला तो वळलाच.

मग एका दुपारी मशीन चालवता चालवता शिंपीणबाईंची नजर वर गेली. एरवी रस्त्यावर रोखलेला कॅमेरा मान वळवून त्यांच्या दुकानाकडे बघत होता. थोडा वेळ थांबला, पुन्हा रस्त्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुमाराला तसंच झालं. त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की खांबावरून जिना दिसणं शक्यच नव्हतं. मध्ये त्यांच्याच दुकानाची पाटी आडवी येत होती, नवऱ्यानं हौसेनं करून घेतलेली, हातभर बाहेर आलेली.

त्यांनी पाटी उतरवून घेतली. विचारणाऱ्याला सांगितलं, रंगवायला काढलीये. बॅगवाल्याला मात्र खरं सांगितलं, कॅमेरा रोज जेवायच्या वेळेला इकडे वळतो म्हणून. तो म्हणाला, “वळणारच ताई, मानच तशी केलीये त्याची.” पण दुसऱ्या दिवशी त्याच्या स्टुलाचं तोंड रस्त्याकडे होतं.

याला आता वर्ष होत आलं. पाटी अजून मशीनमागे उभी आहे आणि नवी गिऱ्हाइकं दुकान विचारत विचारत येतात. मुलगा आलेला नाही. बॅगवाला जिन्याखालीच बसतो, तिथंच जेवतो, आणि डबा वर धरत नाही. जेवण उरलं तर झाकण लावून घरी नेतो.