खडूनं आखलेली पावलं

हैदराबादेत हीटर बसवायला निघालेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. बरकतपुऱ्यातल्या आमच्या शेजाऱ्यांनी तर तोंडावरच विचारलं, "आपल्याकडचं ऊन कमी पडतंय का?" मी हसण्यावारी नेलं. हीटर हवा होता तो बायकोच्या पायांसाठी, आणि ते प्रत्येकाला सांगत बसायची मला हौस नव्हती.

बायकोनं तीस वर्षं मराठी शाळेत भूगोल शिकवला. हिमरेषा, हिमनदी, हिमशिखरं, सगळं फळ्यावर खडूनं काढून दाखवलं. बर्फ मात्र बघितला तो फक्त फ्रिजमधला. निवृत्त झाल्यावर हिमाचलला जायचं आमचं ठरलं होतं. त्याआधीच तिच्या पायांनी असहकार पुकारला. जरा थंडी लागली की पायांची बोटं पांढरीफटक पडायची, बधिर व्हायची आणि मग ठणकायला लागायची. थंडीनं रक्तवाहिन्या आखडतात, पाय उबदार ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. हैदराबादच्या डिसेंबरात ही गत, तर हिमाचलात काय होणार? "तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "मी फोटो बघेन." जन्मभर ती फोटोच तर बघत आली होती. मला ते वाक्य फार लागलं.

मग मी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि तिचं चालतंफिरतं घर करायला काढलं. आत दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि डिझेलवर चालणारा हीटर. हे काम दिलं कुकटपल्लीतल्या एका वस्तादांना. बसगाड्यांना एसी बसवण्यात त्यांची हयात गेलेली. मीही चौतीस वर्षं कार्यालयांमधले एसीच बसवले. थोडक्यात, हीटर बसवायला आम्ही दोघं असे जमलो होतो, की ज्यांनी आयुष्यभर लोकांना गार करण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

हीटर म्हणजे दप्तराएवढा डबा. गाडीच्या टाकीतून थेंबथेंब डिझेल घेतो, आतल्या बंद कोठीत जाळतो, धूर नळीनं गाडीबाहेर सोडतो आणि पंख्यानं नुसती स्वच्छ गरम हवा आत ढकलतो. धुराची नळी वस्तादांनी तीन-तीनदा तपासली. विषारी वायू साठला तर कोकलणारा भोंगाही पलंगापाशी लावला. त्यांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. खोट होती माझ्या नकाशात.

गरम हवेच्या जाळ्या मी छताला काढल्या होत्या, एसीच्या असतात तशा, चार. बायकोनं नकाशा बघितला आणि म्हणाली, "अहो, गरम हवा हलकी असते, वर जाते. खारे वारे, मतलई वारे आठवतात का?"

"ते समुद्राचं गं," मी म्हणालो. "ही गाडी आहे."

वस्तादांनीही मान डोलावली. "हौ साब, जाली तो ऊपरीच रहती." ती पुढे काही बोलली नाही. ती गप्प बसली की मला वाटतं, आपण जिंकलो. इतक्या वर्षांच्या संसारात हा गैरसमज काही गेला नाही.

जानेवारीत गाडी तयार झाली. आदल्या दिवशी बायको बेगम बाजारात जाऊन काचेच्या तीन छोट्या बाटल्या घेऊन आली, त्यांत खोबरेल भरलं आणि वस्तादांच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीत ठेवून आली. एक छताजवळच्या फळीवर, एक पलंगावर, एक खाली जमिनीवर. मी विचारलं तर म्हणाली, "असू द्या." जानेवारीत आमच्याकडे रात्रीतून खोबरेल थिजतं. सकाळी आम्ही दोघं आणि वस्ताद गाडीत शिरलो तेव्हा तिन्ही बाटल्या पांढऱ्या झाल्या होत्या. दार लावलं, हीटर सुरू केला. डिझेलचा पंप टकटक करू लागला आणि माझ्या डोक्यावर झकास ऊब आली. मी उभाच होतो. अर्ध्या तासात कपाळाला घाम फुटला.

"बघ!" मी म्हणालो. "घाम आला!"

तिनं नुसतं बोट दाखवलं. वरच्या बाटलीतलं तेल पाण्यासारखं झालं होतं. पलंगावरचं अर्धवट सुटलं होतं. जमिनीवरचं होतं तसंच, घट्ट. मग तिनं पायमोजे काढले. चार बोटं पांढरी पडली होती. इथे कुकटपल्लीतच ही दशा. ती काही रागावली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. "खूप छान गाडी झालीय," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या."

तिनं सांगितलं होतं आणि मी ते समुद्रात बुडवलं होतं.

वस्ताद खाली बसले. जमिनीवरची बाटली उचलून उजेडात धरली, मग तिच्या पायांकडे बघितलं. त्यांनी वर केलेलं काम देखणं होतं. पत्र्याचा एक सांधा कुठे दिसत नव्हता. तीन आठवडे खपले होते त्यासाठी. त्यांनी मला काही ऐकवलं असतं तर मी मुकाट ऐकून घेतलं असतं. ते म्हणाले, "साब, गलती आपकी बी, मेरी बी." आणि तिला म्हणाले, "जानेका कैंसल नक्को करो अम्मा. चार दिन देओ."

"भाई, इतना अच्छा काम है, क्यों तोड़ते?"

"पावां ठंडे रहे तो काम कायका अच्छा, अम्मा?"

खिशातून त्यांनी पत्र्यावर खुणा करायचा खडू काढला. तिला पलंगाच्या कडेला, रोज बसाल तसं बसायला सांगितलं आणि तिच्या दोन्ही पावलांभोवती जमिनीवर हळूच रेघ ओढली. ती संकोचली. मीही. मग चार दिवसांत त्यांनी छताची सगळी नळी उतरवली, जमिनीलगत नेली आणि एका जाळीचं तोंड बरोबर त्या दोन पावलांवर आणून ठेवलं. पाचव्या सकाळी जमिनीवरची बाटली सगळ्यांत आधी वितळली. बायकोनं त्यातलंच तेल हातावर घेऊन केसांना लावलं आणि म्हणाली, "कधी निघायचं?" मी वस्तादांचे दोन्ही हात धरले. त्या दिवशी मला जे वाटलं त्याला आभार हा शब्द पुरत नाही, पण दुसरा मला येत नाही.

मार्चमध्ये हिमाचलातल्या एका गावाबाहेर आम्ही पडदा सरकवला आणि समोर सगळं पांढरं होतं. आमच्या भूगोलाच्या बाई दोन जोड मोजे आणि बूट चढवून बाहेर गेल्या. हातात बर्फ घेतला, दाबून बघितला, पुन्हा घेतला. वर्गात नकाशा उलगडताना तिचा चेहरा कसा होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. दहा मिनिटांत मीच तिला आत ओढून आणलं. मोजे काढले तर बोटं पांढरी. तिनं शांतपणे दोन्ही पावलं खडूच्या रेघांत ठेवली. रेघ पुसट झाली होती, पण होती. ती पुसायला तिनं मला कधी दिलीच नव्हती. पंप टकटक करत होता. मी खाली बसून एकेक बोट बघत राहिलो. हळूहळू अंगठा गुलाबी झाला, मग त्याच्या शेजारचं, मग सगळी.

फोन लागताच वस्तादांनी आधी तेच विचारलं, "पावां गरम हैं ना?" मी हौ म्हणालो. फोन तिच्याकडे द्यायला वळलो, तर तिनं हात पुढे केलाच होता.

"फोन नंतर," ती म्हणाली. "मोजे द्या आधी. मला पुन्हा बाहेर जायचंय."