दुपारची रेकॉर्डिंगं

जॅझ पियानो वाजवणारा कृष्णात कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत वाढला, हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसा बापडे. मूळ गाव साताऱ्याकडचं, वडील धनाजी, घरातले अण्णा, मार्केटात कांद्याची पोती उतरवणारे माथाडी. पोरगा भजनी मंडळात पेटी वाजवायचा, तिथवर सगळं ठीक होतं. मग कॉलेजात कुणीतरी त्याला जॅझ ऐकवलं आणि गडी कामातून गेला. पेटी सुटली, घरात जुना कीबोर्ड आला. अण्णांनी एकदाच मत दिलं, "पेटी बरी हुती. ह्ये तर पत्र्यावर उंदरं पळाल्यागत वाटतंय."

तेवढंच. पुढं त्या माणसानं पोराच्या वाजवण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. अण्णांनी आपल्याला कधी मनापासून ऐकलं का, हा एकच प्रश्न कृष्णातला कुरतडत राहिला.

घर एका खोलीचं. अण्णांची पाळी रात्रीची, त्यामुळं दुपारी ते जमिनीवर अंथरूण टाकून आडवे. कृष्णातलाही दुपारच सोयीची, कारण संध्याकाळी शेजारपाजारचे टीव्ही सुरू झाले की कसलं रेकॉर्डिंग होतंय. अण्णांकडं पाठ करून तो बसायचा आणि मोबाइल कीबोर्डच्या स्पीकरसमोर ठेवायचा. पहिलंच रेकॉर्डिंग लावून बघितलं, तर पियानोपेक्षा घोरणंच मोठं. तो आईवर, मुक्ताबाईवर, करवादला, "अण्णांनी पार वाट लावली. सगळी मेहनत पाण्यात." मागं अंथरुणावर अण्णा कुशीवर वळले. त्यानंतरची सगळी रेकॉर्डिंगं स्वच्छ झाली. नशीब आपलं, असं तो समजला.

तीच रेकॉर्डिंगं हातोहात फिरली. त्यांच्या जोरावर वाशीतल्या हॉटेलात वाजवायचं काम मिळालं, मग बँड, मग परदेशातले कार्यक्रम. अण्णांनी यातलं काही पाहिलं नाही. पोतं पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरताना ते पडले, ते उठलेच नाहीत. बरोबरचे माथाडी म्हणाले, चालता चालता डोळा लागला असणार. दिवसभर झोपणाऱ्या माणसाचा डोळा कसा काय लागतो, ते कुणाला कळेना.

तेव्हापासून कृष्णातला एक खोड जडली. वाजवणं ऐन रंगात आलेलं, हात चालू, आणि हा मान वळवून मागं बघणार. लोकांना वाटायचं, स्टाइल आहे. कसली डोंबलाची स्टाइल. मागं अंथरुणावर कुणीतरी पडलंय असं त्याला वाटायचं, आणि ते ऐकतंय की नाही तेवढंच बघायचं असायचं. मागं नुसता पडदा. भूत दिसलं असतं तर निदान विचारता तरी आलं असतं.

यंदा केयूर नावाच्या एका तरुण निर्मात्यानं ती जुनी रेकॉर्डिंगं अल्बम म्हणून काढायचं ठरवलं. फोनवर तो सहज म्हणाला, "सर, पहिल्यात मागे कोणीतरी घोरतंय, एकदम भारी वाटतं. मग बाकीच्यांत का नाही?"

कृष्णातनं हेडफोन लावून सगळी ओळीनं ऐकली. पहिल्यात घोरणं. दुसऱ्यापासून नाही. एकात खोकला दाबल्याचा आवाज. एकात शेवटचा सूर विरल्यावर कुणीतरी रोखलेला श्वास सोडलेला. त्यानं हेडफोन काढले. तो उठून आईकडं गेला.

"आई, मी वाजवायचो तेव्हा अण्णा झोपलेले असायचे ना?"

मुक्ताबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. "झोपतायत कुठलं? तू बसलास की भिताडाकडं त्वांड करून जागंच पडायचे. म्हनायचे, डोळा लागला तर घोरंन, पोराची मेहनत परत पान्यात जाईल. बोलू नको म्हनून मला शपथ घातलेली."

"रोज?"

"रोज. मी म्हनायची, निस्तं पडून काय करताय? तर म्हनायचे, ऐकतोय की."

ज्यासाठी तो इतकी वर्षं मागं वळून बघत होता, ते मिळालं. आणि त्याच दमात फळीवर डोळा का लागला, तेही कळलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून कृष्णात ढसाढसा रडला.

अल्बम निघाला. कृष्णात अजून वाजवतो. पण घरी असला की दुपारी पियानोला हात लावत नाही. "आता तरी झोपू दे त्यांना," म्हणतो.