पोळीच्या तुकड्यावरचा मासा

जनकाबाईंना प्रश्न फार पडत. मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर जेवतो कुठे? भुईमुगाची शेंग जमिनीत, तर फूल वर कशाला येतं?

"तुले हे इचारून काय करायचं हाय वं?" नवरा भगवंतराव म्हणत.

"करायचं काई नाही. मनात येते."

धाडजवळच्या त्यांच्या गावाला नवा तलाव झाला आणि सरकारी माणसांनी पिंपांतून बोटाएवढे मासे आणून सोडले, तेव्हा माळकऱ्याच्या घरची ही बाई काठावर उभी राहून विचारत होती, "हे खातात काय?" कुणालाच सांगता आलं नाही. मासे वाढले, पण गळाला एकही लागेना.

पुढे लेक सिंधू पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. सासर मेहकरचं; तिथे तिला नदीच्या माशांची चव लागलेली. इथे तिच्या पोटात अन्न ठरेना. भाकरी नको, वरण नको. गालफडं बसली. एका दुपारी ती हळूच म्हणाली, "माय, मासा खावासा वाटते."

जनकाबाई घाबरल्या. डोहाळा तो, तो पुरवला नाही तर पोटच्या जिवाचं काय? बाजारातली सुकट पदराआड लपवून आणली, तर सिंधूला वासानेच मळमळलं. मग सिंधूने उष्टावून टाकलेली पोळी वगारीला घालायची म्हणून पदरात बांधून त्या निघाल्या, त्या गोठ्याकडे न वळता थेट तलावावर गेल्या.

तिथे शेजारचे महादेवराव गळ टाकून बसले होते.

"काऊन वहिनी, रस्ता चुकल्या काय?"

"पोरीले मासा पायजे. एक गळ द्या."

"अन् भगवंतरावले ठाव हाय?"

"त्यायचं मंग पाहू."

महादेवरावांनी गळ दिला, गांडुळांची करवंटी पुढे केली. जनकाबाईंनी हात मागे घेतला. "मी नाही टोचत. जीव हाय त्यात."

"अन् माशात काय हाय, भुसा?"

तरी गांडुळाला त्यांचा हात लागेना. शेवटी पदराची गाठ सोडून पोळीचा तुकडा पाण्यात भिजवला, मळून गोळी केली, ती गळाला लावली. महादेवराव मिशीत हसले.

दोरीला बांधलेला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पाण्यावर डुलत होता. बघता बघता तो डुबकन खाली गेला.

"वढा! वहिनी, वढा!"

दोघांनी ओढून काढला तो हातभर मासा, तांबूस परांचा, रुपयासारख्या खवल्यांचा. जनकाबाईंनी वाकून त्याच्या जबड्यात पाहिलं. "अव्वा, याले दातच नाहीत! म्हणून पोळी आवडते."

"मी इतके दिस गांडुळं चारून राह्यलो," महादेवराव कपाळाला हात लावून म्हणाले.

मासा घरात नेता येणार नव्हता. गोठ्यामागे तीन दगड मांडले. महादेवरावांची बायको कलाबाई हिने मासा साफ करून दिला, आणि जनकाबाईंनी तो भरल्या वांग्यासारखा रांधला. दुसरं त्यांना येत नव्हतं. काळा मसाला, लसूण, वरून शेंगदाण्याचा कूट. मग घास घास बोटांनी चाचपून काटे काढत बसल्या.

"माय वं, पीठ चाळून राह्यली का घास देऊन राह्यली?" कलाबाई म्हणाली.

"काटा अडकला तर?"

सिंधूने पहिला घास घेतला. जनकाबाई तिच्या गळ्याकडे बघत राहिल्या. दुसरा. तिसरा. उलटी आली नाही.

तेवढ्यात भगवंतराव गोठ्यात आले. वास त्यांना कळला. जनकाबाईंचा हात ताटातच थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, आणि ते पाठ करून गाईला चारा टाकू लागले.

"बाबा, मले अजून भाकर लागते," सिंधू म्हणाली.

"मंग मायले सांग. बसली काऊन?"

रात्रभर सिंधूच्या पोटात अन्न ठरलं. सकाळपर्यंत महादेवरावांनी पारावर पोळीची हकिगत सगळ्यांना सांगून टाकली होती. न्याहारीला भगवंतरावांनी ताटातली अर्धी पोळी काढून जनकाबाईंपुढे ठेवली.

"हे वगारीले नको घालू," ते म्हणाले. "तलावावर जाशीन ना?"