नाही म्हणता येतं, मिलिंद

मिलिंद,

मी निघालो तेव्हा नागपूरच्या विमानतळावर, काचेच्या दरवाजाबाहेर, आईने संत्रा बर्फीचा डबा माझ्या हातात कोंबला आणि ती म्हणाली, "कुणी आग्रह केला तर मोडू नकोस रे. परक्या मुलखात माणसं जोडावी लागतात." तू ट्रॉलीवर बसून हसत होतास. त्याला अकरा वर्षं झाली.

आता तू आईला घेऊन तीन आठवडे इंग्लंड बघायला येतोयस आणि विचारतोस, पबमध्ये कसं वागायचं ते लिहून पाठव. बरोबर माणसाला विचारलंस. या एका विषयात तुझा भाऊ पारंगत आहे.

टेबलापाशी बसून वेटरची वाट बघू नकोस, बहुतेक ठिकाणी तो येत नाही. काउंटरवर आपणच जायचं. तिथे रांग दिसत नाही, पण आधी कोण आलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, तेव्हा घुसू नकोस आणि धरमपेठेत चहावाल्याला मारतोस तशी हाक तर मुळीच मारू नकोस. आधी पोटभर जेव. किचन लवकर बंद होतं, मग क्रिस्प्सच्या, म्हणजे आपल्या वेफर्सच्या, पाकिटावर भागवावं लागतं. हाफ पाइंट, म्हणजे बिअरचा छोटा ग्लास, मागितलास तरी कुणी हसत नाही.

आणि राउंड. चौघं गेले की एकजण चौघांसाठी आणतो, मग दुसरा, मग तिसरा. ब्रॅकनेलच्या ऑफिसात पहिल्याच शुक्रवारी टीममधल्या डेव्हने न विचारता माझ्यापुढे ग्लास ठेवला. तोवर मी कधी थेंबही घेतला नव्हता. मला तो आपल्या पंगतीतला आग्रह वाटला. पानात पडलेली जिलबी कुणी परत करतं का? मी प्यायलो. मग माझी पाळी आली म्हणून आणला, मग उरलेल्यांच्या पाळ्या होत्या म्हणून थांबलो. घरी कधी कुणी बोलावलं नाही. माणसं भेटायची ती तिथेच. तीन वर्षांनी एका सोमवारी कीबोर्डवर माझे हात थरथरताना बघून डेव्ह हळूच म्हणाला, "यू कुड हॅव जस्ट सेड नो, मेट. नोबडी वुड हॅव माइंडेड." इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायचा कुणावर तेही कळेना.

डेव्ह अजूनही दोन पाळ्या झाल्या की ट्रेनने घरी जातो. मी रीडिंग गावातल्या माझ्या फ्लॅटमध्ये एकटाच घेतो, त्याला कुणाच्या सोबतीची गरज लागत नाही. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, दिलेल्या गोळ्या, दारू सोडणाऱ्यांचा मंगळवारचा ग्रुप, सगळं दोनदा करून झालं. दोन्ही वेळा हरलो. तुझ्या वहिनीला, नीलिमाला, थंडी सोसेना म्हणून ती पुण्याला परतली, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. खरं कारण हे आहे. आईला मात्र थंडीचंच सांग.

म्हणून, आईला माझ्याकडे उतरवू नकोस. स्टेशनजवळ हॉटेल घे. मी रोज सकाळी आठला येईन, दाढी वगैरे करून. तिच्यासोबत चहा घेईन, ती जे बोलेल ते ऐकेन. अकरापर्यंत मला थोपवता येतं. मग ऑफिसचं काही कारण सांगून मी उठेन, तेव्हा अडवू नकोस, मागेही येऊ नकोस.

घर कुठे म्हणशील, तर आता माझ्यासाठी ते एवढेच तीन तास आहेत. तेवढा वेळ मी अजून तिचा मुलगा असतो. तेवढाच तिला दाखव.