गोणपाटाचं पत्र

जिंतूरच्या बसस्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. नोकरीच्या अर्जासोबत जोडायचं पत्र माझ्याकडे तयार असतं: "मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू असून..." खाली फक्त नाव बदलायचं. शिक्षक असो की वॉचमन, माझ्या दुकानातून निघालेला प्रत्येक जण होतकरूच निघाला.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी झरीची एक बाई आली. बियाणं कंपनीच्या गोदामात बी तपासायला माणूस हवा होता. तिनं पत्र हातानंच लिहून आणलं होतं. दर पेरणीआधी शेजाऱ्यांच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते ती मोजायची आणि वहीत लिहायची. 'एकदा सख्ख्या चुलत्याचं बी खराब निघालं, तेव्हा पेरू नका म्हणून भांडले,' असंही लिहिलं होतं. होतकरूचा पत्ता नाही.

"ताई, असं लिहीत नसतेत," मी म्हणालो.

"तुमाला कळतं दादा. करा तुमच्या हिशोबानं."

केलं. तिला माझं तयार पत्र दिलं. आणि तिचं? आता सांगूनच टाकतो. दुकानाला मी कंटाळलो होतो. तिचं पत्र माझ्या नावानं टाईप केलं आणि त्याच जागेसाठी पाठवलं. 'भांडले'चं 'भांडलो' करायला तेवढं विसरलो नाही.

मुलाखतीला आम्ही दोघं एकाच बाकावर. मला बघून ती खूश झाली. "दादा, तुमी बी? बरं झालं, सोबत झाली."

आत साहेबांनी माझं पत्र वाचून मान डोलावली आणि गोणपाट, बादली, सोयाबीन पुढं ठेवलं. "दाखवा करून." मी जन्मात गोणपाट भिजवलेलं नव्हतं. बादलीत बुचकळलं, तसंच निथळतं पसरलं, वर मूठभर दाणे फेकले.

"अहो, बी उगवायचंय का बुडवायचंय?"

बादली समोरच होती, म्हणून साहेबांनी पुढच्यांनाही तेच करायला लावलं. तिनं म्हणे गोणपाट घट्ट पिळलं, दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या आणि न विचारता सांगितलं, "साहेब, ह्यातले चार दाणे आत्ताच फुटकेत." नोकरी तिला लागली.

चौथ्या दिवशी पेढे घेऊन दुकानात हजर. "दादा, तुमच्या पत्रानं काम झालं." मी दोन खाल्ले. मग तिनं अख्खी झरी माझ्याकडे धाडली. इतकी वर्षं माझं दुकान त्या थापेवर चाललंय.

मागच्या आठवड्यात तिची भाची आली. "आत्याला दिलं तसलंच पत्र द्या."

मी कीबोर्ड बाजूला सारला. म्हटलं, "आत्याला फोन लाव." आणि पोरीच्या देखत सगळं सांगितलं.

पलीकडून आत्या म्हणाली, "मी मेली गावभर तुमचं नाव सांगत फिरले, दादा!" मग विचारलं, "माझा कागद हाय का फेकला?"

"आहे."

"मंग पोरीला द्या. पेढ्याचं नंतर बघते तुमच्याकडं."

ड्रॉवरच्या तळाशी पिवळा पडलेला तो कागद मी पोरीला दिला. तिनं दोनदा वाचला.

"काका, यात तर नुसतं गोणपाटच हाय."

"हो. तू काय करतेस ते सांग," मी म्हणालो आणि कोरी फाईल उघडली.