तार कापायची कात्री

निवृत्त मुख्याध्यापकांच्या मते बोन्सायला एक कात्री आणि एक पक्कड पुरेशी होती. बाकीची अवजारे म्हणजे निव्वळ दुकानदारांचे चोचले. त्यांच्या सासऱ्यांनी लेकीच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या बायकोच्या, स्वाधीन केलेल्या बोन्साय डाळिंबाच्या फांदीत वळणासाठी गुंडाळलेली तार रुतू लागली होती.

"अहो, तार कापायची आखूड तोंडाची कात्री आणा ना. बाबा तुकडे करूनच काढायचे."

"धडधाकट तार तोडायची? उलगडली की पुन्हा वापरता येते."

त्यांनी पकडीने तार उलगडायला घेतली. पीळ उलटा बसला आणि फांदी बुडापासून काडकन मोडली.

बायकोने कुंडी आपल्याकडे ओढली. "तार जपून ठेवा हं. झाडाला मात्र यापुढे हात लावू नका."

मुख्याध्यापक तार सरळ करत बसले. हातांना दुसरे काम उरले नव्हते.